अख्खी धान्यं आणि मुंबईचं स्वयंपाकघर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाकरी, भाजणी, आंबील, कण्या यांबद्दल शेजारपाजारच्या, नात्यातल्या आणि ऑफिसातल्या मैत्रिणी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुंबईतल्या घरांचा विचार करून लिहिली आहेत. इथली दमट हवा, लहान ओटा, सकाळची लोकल आणि उन्हाला जागा नसलेली खिडकी लक्षात घेतली नाही, तर धान्याबद्दल दिलेला चांगला सल्लाही इथे कामाला येत नाही.

अख्खं धान्य म्हणजे नेमकं काय? दळलं की ते अख्खं राहतं का?

दाण्याचे तीन भाग असतात: बाहेरचा कोंडा, आतलं पिष्ट आणि टोकाशी असलेला अंकुर. तिन्ही भाग अन्नात आले की ते अख्खं धान्य, मग तुम्ही ते दळा, भरडा किंवा शिजवा. गिरणीतून दळून आणलेलं आणि न चाळलेलं गव्हाचं पीठ अख्खं धान्यच आहे. मैदा, बारीक रवा आणि पांढरा पॉलिशचा तांदूळ नाही, कारण त्यांतून कोंडा आणि अंकुर निघून गेलेले असतात. कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकायची सवय अनेक घरांत आहे, ती सोडून द्या. निवडून, स्वच्छ करून दळलेल्या गव्हाच्या पिठात फेकण्यासारखं काही नसतं.

आम्ही रोज चपाती खातो. मग ज्वारी, बाजरी, नाचणी कशासाठी?

गव्हात काही वाईट आहे म्हणून नव्हे. प्रत्येक धान्य वेगळं काहीतरी देतं म्हणून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. इतर कोणतंही रोजचं धान्य त्याच्या जवळपास येत नाही. बाजरीत १०० ग्रॅममागे साधारण ६.४ मिलिग्रॅम लोह असतं, तर पॉलिशच्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. चोथ्याच्या, म्हणजे फायबरच्या, बाबतीत मात्र न चाळलेली कणीक, ज्वारी, बाजरी आणि नाचणी जवळजवळ सारख्याच आहेत: १०० ग्रॅमला १० ते ११ ग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या तांदळात तो ३ ग्रॅमच्याही आत असतो. म्हणून ज्या घरी दोन्ही वेळा पांढरा भात होतो, तिथे बदलाचा फायदा सगळ्यात जास्त. चपाती खाणाऱ्या घरानेही आठवड्यातून तीन-चार वेळा भाकरी करावी, चपाती बंद करायची गरज नाही.

आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. आपण १०० ग्रॅम कच्चं पीठ खात नाही. एका मध्यम भाकरीला साधारण ५० ग्रॅम पीठ लागतं, आणि धान्यातलं सगळंच लोह किंवा कॅल्शियम शरीरात शोषलं जात नाही. कोंड्यातलं फायटिक आम्ल त्यांना धरून ठेवतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी ते कमी होतं. आंबील आंबवून करायची रीत त्यामुळे फार उपयोगाची आहे. भाकरीसोबत लिंबाची फोड किंवा कच्ची कोशिंबीर असेल तर लोह जास्त मिळतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी मिळतं.

माझी ज्वारीची भाकरी तुटते, फुगत नाही. कुठे चुकतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा दोष हाताचा नसून पिठाचा असतो. ज्वारीत ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नाही, त्यामुळे गव्हासारखा चिकटपणा तिला नसतो. ताज्या पिठाला स्वतःची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, असते. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि मग कितीही मळलं तरी थापताना कडा फाटतात. मुंबईत पाकिटातलं पीठ आपल्या हातात येईपर्यंत किती जुनं झालंय हे कळत नाही. म्हणून भाकरी शिकणाऱ्या प्रत्येकीला माझं पहिलं सांगणं असतं की आधी एक किलो चांगली ज्वारी दळून आणा. अर्धी अडचण तिथेच संपते.

पीठ ताजं असेल तर कडक गरम पाणी पुरतं. जुनं असेल किंवा हात नवा असेल तर उकड काढा. एक वाटी पाण्यात चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा, त्यात एक वाटी पीठ घालून ढवळा, गॅस बंद करून झाकून पाच-सात मिनिटं ठेवा. उकळत्या पाण्याने पिठातलं पिष्ट फुलतं आणि तेच चिकटपणाचं काम करतं. कोमट असतानाच परातीत घेऊन तळहाताने रगडून मळा. एकदम सगळं मळू नका. एका भाकरीपुरता गोळा घ्या, पाण्याचा हात लावत अगदी मऊ होईपर्यंत मळा, आणि लगेच थापा. मळून ठेवलेला गोळा दहा मिनिटांत कोरडा पडायला लागतो.

परातीत पीठ पसरून बोटांनी थापा. मधे जाड आणि कडेला पातळ झाली तर ती फुगणार नाही, सगळीकडे सारखी हवी. तवा चांगला तापलेला पाहिजे. भाकरी टाकताना पिठाची बाजू वर ठेवा आणि तिच्यावर लगेच पाणी फिरवा. पाणी सुकत आलं की उलटा. पूर्ण वाळू द्यायचं नाही, नाहीतर वर भेगा पडतात. ही दुसरी बाजू नीट, डाग पडेपर्यंत भाजून घ्या. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा. पापुद्रा सुटून भाकरी टम्म फुगते.

थापणं जमत नसेल तर उकडीचा गोळा पोळपाटावर पीठ भुरभुरून लाटा. लाटलेली भाकरीही भाकरीच असते. घरात आजी किंवा सासूबाई नाक मुरडतील, पण पानात गरम भाकरी पडली की तक्रार राहत नाही.

गिरणीत काय सांगायचं?

तीन गोष्टी. पहिली: ज्वारी ज्वारीवरच दळा, गव्हावर नको. आधीच्या दळणाचं पीठ जात्यात उरलेलं असतं आणि ते आपल्या पिठात येतं. बऱ्याच गिरण्यांमध्ये भाकरीच्या दळणाची ठरलेली वेळ किंवा वेगळी चक्की असते, ती विचारून घ्या. दुसरी: भाकरीला पीठ बारीक हवं, थालीपिठाच्या भाजणीला किंचित रवाळ. तिसरी: दळण घरी आणल्यावर डबा लगेच बंद करू नका. पीठ गरम असतं आणि झाकणाला आतून वाफ धरते. परातीत पसरून गार होऊ द्या, मग भरा.

धान्य कुठून घ्यावं? चांगलं कसं ओळखावं?

नाक्यावरचा वाणी चांगला असेल तर कुठेही जायची गरज नाही. त्याला माल कधी आला ते विचारायची सवय ठेवा. दादर, लालबागच्या बाजारात निवड जास्त मिळते. घाऊक बाजार वाशीच्या बाजार समितीच्या दाणाबाजारात आहे, पण तिथून पोती आणायची तर चार-पाच घरांनी मिळून आणावीत. महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत भरतं तेव्हा राज्यभरातल्या बचतगटांच्या बायका नाचणी, वरी, हातसडीचा तांदूळ, भाजण्या घेऊन येतात. तिथे पीठ न घेता दाणे घ्या आणि पिकवणाऱ्या हाताशी चार शब्द बोला.

ज्वारीत मालदांडी मागा. सोलापूर भागातली ही रब्बीची ज्वारी भाकरीला गोड आणि मऊ असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरट-पिवळसर हवा. काळे ठिपके पडलेला दाणा पावसात भिजलेला असतो. रब्बीचं नवं पीक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं, तेव्हाची ज्वारी उत्तम. बाजरी दसऱ्याच्या आसपास नवी येते, नाचणी त्यानंतर. बाजरी मुठीत घेऊन वास घ्या. खवट किंवा कुबट वाटला तर ठेवून द्या.

पावसाळ्यात पिठाला किडे होतात, बाजरी कडू लागते. उपाय?

बाजरीत इतर धान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त असतो, १०० ग्रॅमला साधारण ५ ग्रॅम. दळल्यावर तो हवेशी येतो आणि पीठ लवकर कडवट होतं. एरवी आठ दिवस आणि जून ते सप्टेंबर त्याहूनही कमी, एवढंच दळा. उरलंच तर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये. कडू झालेल्या पिठाला गूळ-तीळ घालून वाचवायला जाऊ नका, टाकून द्या.

अख्खे दाणे बरेच महिने टिकतात, पण मुंबईच्या हवेत पोरकिडे आणि जाळी यांचा त्रास होतोच. जागा असेल तर मे महिन्यात गच्चीवर कडक ऊन देऊन, पूर्ण गार करून डब्यात भरा. जागा नसेल तर फ्रीजर वापरा. आणलेलं धान्य पिशवीसकट तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवलं की अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून धान्य खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. नाहीतर थंड दाण्यांवर हवेतलं पाणी जमतं आणि बुरशीला निमंत्रण मिळतं. डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला घालायची जुनी रीत चांगली आहे, पाला पूर्ण वाळलेला असला पाहिजे.

सगळ्यात सोपा उपाय मात्र कमी आणणं हाच. वन-बीएचकेमध्ये वर्षाचं धान्य भरायचा हट्ट कशाला?

सकाळी ७ ची लोकल पकडायची असते. भाकरी कधी करू?

सकाळी करूच नका. भाकरी रात्रीच्या जेवणाला ठेवा आणि सकाळच्या डब्यासाठी अख्ख्या धान्याचे असे पदार्थ निवडा, ज्यांना थापावं-भाजावं लागत नाही. दलियाचा उपमा कुकरमध्ये दहा मिनिटांत होतो. ज्वारीच्या कण्या रात्री भिजवून ठेवल्या तर सकाळी भाज्या घालून त्यांची खिचडी होते. नाचणीचं पीठ ताकात कालवून, कांदा-मिरची-कोथिंबीर घालून घावन काढा. पीठ पातळ ठेवलं आणि त्यात थोडं तांदळाचं पीठ घातलं की ते तव्याला चिकटत नाहीत. नाचणीची आंबील रात्रीच शिजवून ठेवता येते. सकाळी ताक, जिरं, मीठ घालून पेलाभर पिऊन निघायचं.

ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा विसरू नका. संध्याकाळी पाच वाजता ऑफिसात भूक लागते तेव्हा वडापावला तो चांगला पर्याय आहे.

डब्यात भाकरी कडक होते.

होणारच, गार झालं की पिष्ट घट्ट होतं. डब्यासाठी थोडी पातळ करा, तव्यावरून काढल्यावर सुती फडक्यात गुंडाळा आणि गरम असतानाच डबा लावू नका. किंवा धपाटे द्या. ज्वारीच्या पिठात थोडी कणीक, थोडं बेसन, दही, तीळ, लसूण-मिरचीचा ठेचा घालून केलेले धपाटे दुपारपर्यंत मऊ राहतात.

अख्खी ज्वारी आणि हातसडीचा तांदूळ शिजतच नाही!

वेळ द्यावा लागतो. ज्वारी धुऊन रात्रभर, निदान आठ तास भिजवा. ते पाणी टाकून तिप्पट पाणी आणि मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या काढा, मग आच मंद करून वीस मिनिटं ठेवा. दाणा फुलतो पण चावायला लागतोच, तसाच हवा. कांदा, टोमॅटो, काकडी, लिंबू, शेंगदाण्याचं कूट घालून कोशिंबिरीसारखी खा किंवा मिसळीच्या कटात मोड आलेल्या मटकीबरोबर घाला.

हातसडीचा किंवा कोकणातला लाल तांदूळ दोन तास भिजवा, अडीच पट पाणी घाला. साध्या तांदळाबरोबर एकाच कुकरमध्ये लावला तर एक लगदा होतो आणि दुसरा कच्चा राहतो, म्हणून वेगळा शिजवा. घरच्यांना चव नवी असेल तर पहिल्यांदा मसालेभात किंवा मुगाची खिचडी करा. नुसता वरणभात वाढलात तर नकार ठरलेला.

मुलं नाचणीचं काही खात नाहीत. बाळाला कधीपासून द्यावी?

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. त्यानंतर नाचणीची पातळ पेज किंवा सत्त्व देता येतं. सत्त्वासाठी नाचणी दोन-तीनदा धुवा, कारण तिच्यात माती-खडे असतात. रात्रभर भिजवून फडक्यात बांधा. मुंबईच्या हवेत एक-दीड दिवसात मोड येतात. दमट दिवसांत पुरचुंडीला आंबूस वास येतोय का ते बघत राहा. मग सावलीत किंवा पंख्याखाली खडखडीत वाळवून, मंद भाजून, दळून, बारीक कापडातून चाळा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, मीठ-साखरेचीही गरज नसते.

मोठ्या मुलांना चाळून देऊ नका, चोथा त्यांना हवाच आहे. गूळ, तूप आणि भाजलेल्या नाचणीचे लाडू बहुतेक मुलं खातात. रंगावरून नाक मुरडत असतील तर चपातीच्या कणकेत चौथा हिस्सा नाचणी मिसळा. ताटात जबरदस्ती नको. आपण स्वतः आवडीने भाकरी-ठेचा खाताना दिसलो की मुलं एक दिवस तुकडा मागतातच.

थालीपिठाच्या भाजणीचं प्रमाण सांगा.

घराघरात वेगळं असतं, मला हे आवडतं: ज्वारी ४ वाट्या, बाजरी २, तांदूळ १, गहू १, हरभरा डाळ १, उडीद डाळ अर्धी वाटी, धने अर्धी वाटी, जिरं दोन चमचे. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचा. एकत्र भाजलं तर बाजरी जळते आणि हरभरा डाळ कच्ची राहते. शक्य असेल तर सालीसकट उडीद घ्या. भाजणीतली धान्यं आणि डाळी मिळून प्रथिनांचा मेळ छान बसतो. ताकदीचं इतकं सोपं पीठ आपल्याकडे असताना तयार ‘हेल्थ मिक्स’ विकत आणावीत असं मला कधीच वाटलं नाही.

मधुमेहात भाकरी हवी तेवढी चालते का?

नाही. हा गैरसमज फार पसरला आहे. भाकरीतही मुख्यतः कर्बोदकंच असतात. चोथ्यामुळे साखर तुलनेने हळू चढते, पण चार भाकऱ्या खाल्ल्या तर ती चढणारच. अगदी बारीक पिठापेक्षा कण्या किंवा अख्खे दाणे पचायला वेळ घेतात, म्हणून ज्वारीच्या कण्या या बाबतीत अधिक चांगल्या. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, सोबत उसळ किंवा घट्ट वरण, आणि भाकरी एक किंवा दीड. ग्लुकोमीटर घरी असेल तर जेवणानंतर दोन तासांनी मोजा आणि आपल्या शरीराला काय मानवतं ते बघा. औषधाची मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

खपली गव्हात ग्लुटेन नसतं म्हणे?

असतं. खपली चवीला सुंदर आहे, सांगली-कोल्हापूरकडची तिची खीर मला पुरणपोळीइतकीच प्रिय आहे, पण सीलिअॅक आजार (ज्यात ग्लुटेन अजिबात चालत नाही) असलेल्यांनी ती अजिबात खाऊ नये. जवही नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राळा, राजगिरा, मका आणि तांदूळ यांत ग्लुटेन नसतं. मात्र तीच ज्वारी गव्हाच्या गिरणीत दळली तर पिठात गहू येतोच. अशा रुग्णाच्या घरी दळण घरीच झालं पाहिजे.

थायरॉइड आहे, बाजरी सोडू का?

बाजरीत असे काही घटक आहेत जे थायरॉइडच्या कामात अडथळा आणू शकतात. हा त्रास मुख्यतः जिथे आहारात आयोडीन कमी आणि रोजचं मुख्य अन्नच बाजरी, अशा भागांत दिसला आहे. आयोडीनयुक्त मीठ वापरणाऱ्या आणि मिश्र आहार घेणाऱ्या घरात भोगीची तीळ लावलेली भाकरी किंवा हिवाळ्यात आठवड्यातून एक-दोन वेळा बाजरी याची भीती बाळगायचं कारण नाही. उपचार चालू असतील तर डॉक्टरांशी बोला. गोळी रिकाम्या पोटी घेऊन अर्धा ते एक तास थांबायचं असतं, ते मात्र काटेकोर पाळा, कारण चोथ्याचं अन्न लगेच खाल्लं तर गोळी नीट शोषली जात नाही.

उपवासाची भगर अख्खं धान्य आहे का? विषबाधेच्या बातम्या वाचून भीती वाटते.

बाजारात मिळणारी पांढरीशुभ्र भगर साल काढून पॉलिश केलेली असते, त्यामुळे चोथा बराच गेलेला असतो. पिवळसर-करडी, कमी पॉलिशची मिळाली तर ती घ्या. विषबाधेची काळजी रास्त आहे. नवरात्र, महाशिवरात्रीच्या सुमारास महाराष्ट्रात असे प्रकार घडले आहेत, आणि त्यामागे बुरशी लागलेली भगर किंवा तिचं साठवलेलं पीठ हे कारण सांगितलं जातं. सुटं पीठ कधीही विकत घेऊ नका. पाकीटबंद, ताज्या तारखेची अख्खी भगर आणा, निवडा, धुवा आणि पीठ हवंच असेल तर वाळवून त्या दिवसापुरतं मिक्सरवर काढा. वास किंवा रंग वेगळा वाटला तर फेका, उपवास राजगिऱ्यावरही होतो.

भाकरी सुरू केल्यापासून पोट फुगतं.

चोथा एकदम वाढवला की असं होतं. रोज एका जेवणात अर्धी भाकरी, बाकी नेहमीचं, असं दोन आठवडे करा आणि पाणी वाढवा. ताक सोबत घ्या. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

ब्राऊन ब्रेड, मल्टिग्रेन बिस्किटं चालतील का?

पाकिटाची मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पुढची पाच धान्यं नावापुरती आहेत. तपकिरी रंग कॅरॅमलनेही येतो. नाचणीच्या बिस्किटांत साखर कितवी आहे ते आवर्जून बघा.

घरघंटी घ्यावी का?

आठवड्याला दोन-तीन किलो दळण होत असेल, गिरणी लांब असेल किंवा घरात ग्लुटेन चालत नसेल तर जरूर घ्या. जागा वॉशिंग मशीनपेक्षा कमी लागते, पण आवाज मोठा असतो, म्हणून रात्री उशिरा दळू नका, भिंतीपलीकडे शेजारी आहेत. प्रत्येक धान्यासाठी वेगळी जाळी येते, भाकरीला बारीक जाळी लावा. ओलसर दाणे कधीही घालू नका. धुतलेली ज्वारी किंवा मोडाची नाचणी कडकडीत वाळली की मगच. पावसाळ्यात दळण झाल्यावर आतलं पीठ ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर पुढच्या वेळी पोरकिडे तिथूनच येतात.